एआयने काढलेली चित्रं एनएफटी म्हणून विकायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात डिजिटल चित्रकलेचा छोटा क्लास घेतो. गेली काही वर्षं प्रत्येक बॅचमध्ये हा विषय निघतोच आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना जी उत्तरं देत आलो, तीच इथे लिहून काढली आहेत. कर आणि कायद्याबद्दलचा मजकूर विषय समजण्यापुरता आहे. पैसे गुंतवण्याआधी सीएला किंवा वकिलाला एकदा विचाराच.

एनएफटी विकतो म्हणजे आपण नेमकं काय विकतो?

एनएफटी म्हणजे नॉन-फंजिबल टोकन: ब्लॉकचेन नावाच्या सामायिक डिजिटल वहीतली एक नोंद. चित्र नव्हे, हे आधी पक्कं लक्षात घ्या. सातबाऱ्याचं उदाहरण दिलं की हे चटकन पटतं. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, जमिनीबद्दलची महसूल दफ्तरातली नोंद. टोकनचंही तसंच. 'अमुक फाइलशी जोडलेला अमुक क्रमांक आज अमुक वॉलेटच्या, म्हणजे डिजिटल पाकिटाच्या, नावावर आहे' इतकंच ते सांगतं. फरक असा की इथे तलाठी नाही. जगभरचे हजारो संगणक मिळून ही वही सांभाळतात, त्यामुळे कुणा एकाला ती खोडता येत नाही आणि वाचायला ती सर्वांना खुली असते. इथेरियम या ब्लॉकचेनवर यासाठी जी प्रमाण पद्धत रूढ आहे तिला ईआरसी-७२१ म्हणतात. ती २०१८ मध्ये मांडली गेली.

चित्राचा कॉपीराइट टोकनबरोबर आपोआप जात नाही. घेणाऱ्याला ते चित्र टी-शर्टवर छापायची मुभा द्यायची आहे, की फक्त जवळ ठेवायची आणि पुन्हा विकायची, हे वर्णनात साध्या शब्दांत लिहा. बरेच जण ही ओळ गाळतात आणि पुढे कटकट होते.

अशी चित्रं खरंच विकली जातात का? कोटींच्या बातम्या वाचल्या होत्या.

त्या बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 'ऑब्व्हियस' या फ्रेंच गटाचं एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना गेलं. अंदाज होता ७ ते १० हजारांचा. सुमारे १५,००० जुन्या व्यक्तिचित्रांवर शिकवलेल्या प्रणालीने ते बनवलं होतं. म्हणजे ते एआयचं चित्र होतं, पण कॅनव्हासवर छापलेलं. एनएफटी नव्हे. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन कलाकाराची कलाकृती त्याच क्रिस्टीजमध्ये ६.९३ कोटी डॉलरना विकली गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेसन मूळचे तमिळनाडूचे. ती एनएफटी होती, पण एआयने केलेली नव्हती. रोज एक चित्र, अशी १३ वर्षांची हातची मेहनत त्यात होती.

बाजार कसा उतरला हेही ऐका. ट्विटरच्या एका संस्थापकाच्या पहिल्या ट्विटचं टोकन मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरना विकलं गेलं. वर्षभराने मालकाने ते ४.८ कोटी डॉलरला विकायला काढलं, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली २८० डॉलरच्या आसपास.

माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचं एकही टोकन विकलं गेलेलं नाही. ज्यांची विकली गेली, त्यांचे खरेदीदार त्यांची चित्रं आधीपासून बघत आलेले लोक होते. यंत्राने चित्र काढणं आता कुणालाही जमतं, त्यामुळे चित्राला तेवढ्यापुरती किंमत उरलेली नाही. लोक पैसे देतात ते तुमच्या निवडीला आणि तुमच्यावरच्या विश्वासाला. पुढची सगळी उत्तरं याच समजुतीवर उभी आहेत.

प्रॉम्प्ट (यंत्राला दिलेली लेखी सूचना) मी लिहिला. मग चित्र माझंच ना?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर देशागणिक बदलतं.

अमेरिकेत माणूस लेखक असल्याशिवाय कॉपीराइट नाही. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हेच कायम केलं. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये एका सचित्र कथेबद्दल कॉपीराइट कार्यालयाने असं ठरवलं की मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, पण मिडजर्नी या एआय यंत्राने काढलेली सुटी चित्रं संरक्षित नाहीत. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्या कार्यालयाने म्हटलं की नुसता प्रॉम्प्ट पुरेसा नाही. चित्रावर माणसाने केलेलं ओळखता येण्याजोगं काम हवं. याउलट नोव्हेंबर २०२३ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने प्रॉम्प्ट आणि सेटिंग बदलत बदलत घडवलेल्या एका चित्राला संरक्षण दिलं.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे 'ती निर्माण व्हायला कारण ठरलेली व्यक्ती', अशी व्याख्या आहे. ती वाचून बरेच जण निश्चिंत होतात. पण ती व्याख्या आली तेव्हा आजची प्रतिमा-यंत्रं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. २०२० मध्ये एका चित्राला माणूस आणि एआय अशा दोघांच्या नावे इथे नोंदणी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. म्हणजे जमीन अजून भुसभुशीत आहे.

म्हणून मी एकच गोष्ट करायला सांगतो: चित्रात स्वतःचा हात घाला आणि त्याचा पुरावा ठेवा. सुरुवातीचं पेन्सिलचं रेखाटन, प्रॉम्प्टच्या आवृत्त्या, फेकून दिलेली चित्रं, थर वेगवेगळे ठेवलेली फाइल, तारखा. सगळं एका फोल्डरमध्ये. उद्या कुणी तुमचं चित्र उचलून स्वतःच्या नावाने मिंट केलं, म्हणजे टोकन म्हणून नोंदवलं, तर तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट हा फोल्डरच असेल.

फुकटच्या अ‍ॅपवर काढलेलं चित्र विकता येतं का?

प्रत्येक सेवेच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलत राहतात. काही ठिकाणी फुकट खात्यावरची चित्रं व्यावसायिक वापरासाठी चालत नाहीत. ज्या दिवशी चित्र काढलं त्या दिवशीच्या अटींचं पान पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये टाका. स्टेबल डिफ्युजनसारखी स्वतःच्या संगणकावर चालणारी मॉडेल्स वापरत असाल तर त्या त्या आवृत्तीचा परवाना वाचा.

नावाजलेल्या चित्रकाराच्या शैलीत काढलं तर?

हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालून विकू नका. शैलीला कॉपीराइट नसतो हे खरं. पण ही यंत्रं ज्या चित्रांवर शिकली, त्यांच्या चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. त्यावरून जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत चित्रकारांचा खटला चालू आहे, आणि जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनीही मिडजर्नीविरुद्ध दावा लावला. क्रिस्टीजने २०२५ च्या सुरुवातीला फक्त एआय कलेचा लिलाव ठेवला, तेव्हा तो रद्द करा म्हणून ६,००० हून अधिक जणांनी पत्रावर सह्या केल्या. लिलाव झालाच, पण त्या सह्या करणाऱ्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. वीस वर्षं घासून कमावलेली रेषा कुणीतरी एका ओळीत मागवतो, हे सोसणं सोपं नाही.

वारली शैलीतली चित्रं काढून विकली तर चालतील? परदेशात मागणी आहे म्हणतात.

हा प्रश्न दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा थांबून सांगतो.

वारली चित्र म्हणजे त्रिकोण, वर्तुळ आणि काड्यांची माणसं नव्हेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी सवासिनींनी लिहायचा चौक हे त्याचं मूळ. त्या चौकात पालघट देवी बसते आणि त्याला विधीचा अर्थ असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू-तलासरीकडची कितीतरी घरं या चित्रांवर चालतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे ते नाव विक्रीसाठी कुणीही कशालाही चिकटवावं असं नाही.

मी स्वतः यंत्राकडून तारपा नाच काढून घेऊन पाहिला. गोल आला, माणसं आली, पण तारपा वाजवणारा मध्ये राहायचा सोडून साखळीतच मिसळला आणि त्याच्या हातात सनईसारखं काहीतरी आलं. ज्याने तो नाच पाहिलाय त्याला हे बघवत नाही.

तेव्हा यंत्राच्या चित्राला 'वारली चित्र' म्हणून विकू नका. खरंच ओढ असेल तर तिकडच्या एखाद्या चित्रकाराला बरोबर घ्या, चित्र त्यांचं राहू द्या, हालचाल किंवा रंगाचं काम तुम्ही यंत्राकडून करा आणि पैशाची वाटणी आधी लिहून ठेवा. पिंगुळीच्या चित्रकथीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांची चित्रं मिंट करता येतील का?

नाही. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात महाराजांचं नाव आणि चित्र आहे, आणि महात्मा गांधी व पंडित नेहरू यांचंही. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरता येत नाही. कॅलेंडरला काही मर्यादित सूट आहे, टोकनला नाही. शिवाय यंत्र महाराजांना कधी मुघली पगडी घालतं, कधी युरोपी चिलखत. कायदा नसता तरी मी हे विकायला नको म्हटलं असतं.

आणि सिनेनट, गायक, क्रिकेटपटू?

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, छबी आणि आवाज एआयच्या मदतीने परवानगीशिवाय वापरण्याला मनाई केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाबाबत तसाच आदेश दिला. क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांच्या वादात मात्र एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, लोकांना खुली असलेली माहिती वापरायला मनाई करण्यास नकार दिला होता. म्हणजे सगळं एका रेषेत नाही. नवख्याने ओळखीचा चेहरा टाळावा.

चित्र तयार करण्यापासून मिंट करण्यापर्यंत काय काय करावं लागतं?

आधी विषय एकच धरा. 'सुंदर निसर्ग' हा विषय होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या दुकानांच्या पाट्या हा विषय घेतला. २०१९ चा पूर त्याने लहानपणी घरातून पाहिला होता. वडिलांच्या मोबाइलमधले स्वतःचे फोटो त्याने आधार म्हणून यंत्राला दिले, अडीचशेच्या वर चित्रं काढली आणि त्यातली ११ ठेवली. पाट्यांवरची अक्षरं यंत्राला नीट येईनात, देवनागरीची जोडाक्षरं तर अजिबात नाही. म्हणून ती त्याने हाताने लिहिली. मला तरी ती ११ चित्रं त्या अक्षरांमुळेच जिवंत वाटली.

निवड झाली की हात-बोटं, सावल्या आणि कडा तपासा, आकार वाढवून घ्या आणि मूळ फाइल मोठी ठेवा. मग वॉलेट उघडा. ते उघडताना १२ किंवा २४ शब्द मिळतात. ते वहीत लिहा. मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नका. हे शब्द गेले की सगळं गेलं, परत मिळवून देणारी बँक इथे नाही. त्यानंतर साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, निवडा. इथेरियमच्या मुख्य साखळीवर गॅस फी, म्हणजे नोंद करण्याचा खर्च, गर्दीनुसार चढतो-उतरतो. पॉलिगॉन, बेस किंवा टेझोसवर तो किरकोळ असतो आणि शिकणाऱ्यासाठी तेच बरं. ओपनसी, ऑब्जेक्टसारख्या बाजारांवर चित्र, नाव, वर्णन, प्रतींची संख्या आणि किंमत भरून मिंट करायचं. हे शेवटचं काम दहा मिनिटांचं आहे.

चित्राची फाइल ब्लॉकचेनवरच असते का?

बहुतेक वेळा नाही. तिथे फक्त पत्ता असतो आणि फाइल दुसरीकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं, तेव्हा त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या अनेक टोकनांची चित्रं दिसेनाशी झाली. टोकन होतं, चित्र नव्हतं. उलट उदाहरण 'हिक एत नुंक' या टेझोसवरच्या बाजाराचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो एका दिवसात बंद झाला. पण करार (व्यवहाराचे नियम चालवणारा प्रोग्राम) साखळीवर आणि चित्रं आयपीएफएस या अनेक संगणकांत विखुरलेल्या साठवणीवर असल्यामुळे कलाकारांनी मिळून काही दिवसांतच तो नव्या पानांवर उभा केला.

तेव्हा फाइल आयपीएफएस किंवा आरवीव्ह अशा साठवणीवर आहे ना, हे मिंट करण्याआधी बघा. आयपीएफएसवरही ती कुणीतरी साठवून ठेवावी लागते, एकदा टाकली आणि विसरलो असं चालत नाही.

इन्स्टाग्रामवर एकाने माझी चित्रं ३ इथरला (इथर म्हणजे इथेरियमचं चलन) मागितली आहेत. विकू का?

नका विकू. ही जवळपास नेहमीच फसवणूक असते.

पद्धत ठरलेली आहे. अनोळखी माणूस तुमच्या चित्राची तोंडभरून स्तुती करतो. तो सांगेल त्याच संकेतस्थळावर तुम्ही चित्र चढवायचं. तिथे तो लगेच 'विकत घेतो' आणि तुमच्या खात्यात लाखो रुपये दिसू लागतात. काढायला गेलात की आधी मिंटिंग फी, मग गॅस, मग कर भरा म्हणून सांगतात. ते आकडे म्हणजे पानावर रंगवलेलं चित्र असतं, पैसे कुठेच नसतात. माझ्या एका विद्यार्थिनीने असे १८,००० रुपये घालवले. आईला सांगायच्या भीतीने ती पंधरा दिवस गप्प राहिली, आणि ते पंधरा दिवसच महाग पडले. असं झालं तर लाजू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरा प्रकार सहीचा. एखादं पान वॉलेट जोडायला सांगतं आणि एक परवानगी मागतं. न वाचता हो म्हटलं की तुमची सगळी टोकनं हलवायचा अधिकार समोरच्याला मिळतो. मिंट करायचं वॉलेट वेगळं आणि साठवणीचं वेगळं ठेवा.

किंमत किती लावू? प्रती किती काढू?

सुरुवातीला थोड्या प्रती आणि कमी किंमत. एकदा सांगितलेली संख्या नंतर वाढवू नका, तेच चित्र दुसऱ्या साखळीवर पुन्हा मिंट करू नका. ज्याने पहिल्यांदा विश्वास टाकला त्याचा तो घात आहे.

पुढच्या प्रत्येक विक्रीतून मला रॉयल्टी मिळत राहील, हे खरं का?

आता त्यावर विसंबू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसीने रॉयल्टीची सक्ती मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि बऱ्याच बाजारांत ती देणं ऐच्छिक झालं. मिळाली तर मिळाली.

एआय वापरलं हे सांगावं का? सांगितलं तर कुणी घेणार नाही.

सांगावंच. कोणतं यंत्र, कोणता भाग यंत्राचा, कोणता हाताचा, हे वर्णनात दोन ओळींत लिहा. लपवलं आणि उघडकीला आलं की आधीची हातची चित्रंसुद्धा लोक संशयाने बघू लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ओपनसीनेच सांगितलं होतं की त्यांच्या फुकट मिंटिंगच्या सोयीतून तयार झालेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक वस्तू चोरलेल्या, बनावट किंवा निव्वळ कचरा होत्या. अशा बाजारात तुमचा खरेपणा दिसून येतो.

भारतात हे कायदेशीर आहे का? कर किती?

बंदी नाही. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नये असं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. रुपये काढायला अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदलेलंच एक्स्चेंज वापरा.

कर कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वर १ टक्का टीडीएस. नव्या २०२५ च्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, दर तोच.

कलाकाराची अडचण वेगळी. स्वतः घडवलेल्या टोकनची पहिली विक्री व्यवसायाचं उत्पन्न धरायची की याच ३० टक्क्यांत, यावर सीएंची दोन मतं आहेत. आणि विक्रीतून मिळालेलं इथर नंतर रुपयांत बदलणं हा दुसरा स्वतंत्र व्यवहार होतो. म्हणून प्रत्येक विक्रीची तारीख आणि त्या क्षणीचा इथरचा रुपयांतला भाव वहीत लिहा. मार्चअखेर आठवून लिहायला बसलात तर जमणार नाही.

वीज फार लागते म्हणतात, ते?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने नोंद पडताळण्याची पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. मिंट करण्याचा दोष आता फारसा उरलेला नाही. चित्रं काढणाऱ्या यंत्रांच्या डेटा सेंटरना मात्र वीज आणि पाणी दोन्ही लागतं. म्हणून विचार करून प्रॉम्प्ट लिहा, उगाच हजार चित्रं काढत बसू नका.

एकदा मिंट केलेलं चित्र पुसता येतं का?

टोकन तुमच्याच वॉलेटमध्ये असेल तर ते बर्न करता येतं, म्हणजे कायमचं चलनातून काढता येतं. केल्याची नोंद तरीही राहते. विकलं गेल्यावर तो हक्क घेणाऱ्याचा, तुमचा नाही. म्हणून वर्णनातलं शुद्धलेखनसुद्धा मिंटचं बटण दाबण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.